बनाक्काची उतरण

माघाच्या अखेरची सकाळ. कृष्णेच्या डोहावरून उठलेलं धुकं उसाच्या रुपेरी तुऱ्यांना हलकेच स्पर्शत, पाटाच्या पाण्यावर क्षणभर विसावत, पानमळ्याच्या कुडापाशी येऊन थबकलं होतं. जणू त्यालाही ठाऊक होतं, की इथे आत जायचं तर पायताण बाहेर काढून, पाय धुवून जायचं. धुक्याला कुठले आलेत पाय! म्हणून ते बिचारं बाहेरच उभं.

आत मात्र निराळाच ऋतू नांदत होता. बाहेर माघ, आत श्रावण. बाहेर करडं, आत हिरवं. शेवरीच्या नि पांगाऱ्याच्या सडसडीत खोडांना बिलगून वर गेलेल्या नागवेली, पर्णभारविनम्र, शीतलश्यामल. पानाआड पान, पानामागे पान, आणि त्यांच्या फटीफटींतून भुईवर सांडलेले उन्हाचे कवडसे. हिरवा उजेड, हिरवा गंध, हिरवी निःशब्दता. इतकी हिरवी, की आत गेलेल्या माणसाचं पांढरंशुभ्र धोतरही हिरवं होऊन जावं.

पण त्या सकाळी त्या मरकतमंडपाचा अर्धा भाग भुईवर पडून होता. खोडं उघडी. वेली खाली. लांबच लांब, निराधार, उताण्या वेली. अंगावर ओली पोती घेऊन, कुणाची तरी वाट बघत पडलेल्या.

कोसळला नव्हता हं मंडप. उतरवला होता.

वेल वर्षभर चढते. चढता चढता आपल्याच मुळांपासून दुरावते, आणि मग तिची पानं बारीक होतात, तिचा रंग विटतो. उंचीचा एवढा सोस बरा नव्हे, असं तिला माघात कुणीतरी प्रेमाने सांगावं लागतं. वेल खोडाला बांधून धरणाऱ्या लव्हाळ्याच्या गाठी सोडायच्या. वेलीला अलगद, झोपलेल्या लेकराला खांद्यावरून उतरवावं तसं, खाली घ्यायचं. वेलीच्या पानं झडलेल्या खोडाचं वेटोळं करायचं, बुंध्याशी चर खणून त्यात निजवायचं, वर ओली माती लोटायची. शेंडा तेवढा उजेडात ठेवायचा. मातीतल्या पेरापेराला नवी मुळं सुटतात. म्हातारी वेल पुन्हा तरणी होते. याचं नाव उतरण.

आणि उतरण अर्ध्यावर असताना, वेली खाली घेतलेल्या पण माती अजून एकीवरही पडली नसताना, काल भरदुपारी, मळ्याची धनीण पांगाऱ्याखाली पाणी प्यायला बसली, ती बसलीच. तांब्या कलंडला. पाणी वाफ्यात गेलं. बनाक्का गेली.

बनाक्का! त्या नावाचं बन पाहायचं तर नुसतं तिच्याकडे पाहावं. सावळी, उंच, सळसळती. नवरा गेला तेव्हा दिनकर नुकता पावलं टाकू लागलेला आणि वैजयंता झोळीत. ती झोळी तिने दोन पांगाऱ्यांच्या मध्ये बांधली, इथे, या मळ्यात. आणि एका हाताने झोका देत, दुसऱ्या हाताने पान खुडत, तिने दोन लेकरं आणि हजार वेली एकदमच वाढवल्या. वैजयंतेने जगात पाहिलेला पहिला रंग हिरवा. ऐकलेला पहिला आवाज पान खुडल्याचा. टक्. टक्. टक्. त्या तालावर ती झोपायची. आणि ताल थांबला, की रडायची.

पान खुडायला बनाक्काच्या अंगठ्यावर लोखंडी नख असायचं. लेकराला जवळ घेण्याआधी ती ते नख काढून कनवटीला लावायची. किती का घाई असेना, किती का रडं असेना, आधी नख काढायचं, मग गालाला हात. गावातल्या बायका हसायच्या. "आगं, एवढ्या बाऱ्या काढती-घालतीस, दिवस जाईल की त्यातच!" बनाक्का म्हणायची, "जाऊ दे की. दिवस काय, जायालाच येतोय."

आणि आयुष्यभर पान पिकवलेल्या या बाईने पान कधी खाल्लं नाही! दात कसे, मोगऱ्याच्या कळ्या. "हलवायानं बर्फी खाल्ली तर इकंल काय?" हे तिचं त्यावरचं उत्तर.

वैजयंता सासरी गेली, पण फार दूर गेली नाही. तिचा नवरा ट्रकवर. आज गुजरात, उद्या आंध्र, घरी पाहुण्यासारखा. मग बनाक्कानेच मळ्याच्या वाटेवरचं दोन खोल्यांचं घर लेकीला दिलं, आणि त्या घरात प्रांजली वाढली. लेकीची लेक. दुधावरची साय, आणि सायीवर साखर.

प्रांजली पाचवीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये भाषणाला उभी राहिली. दोन वाक्यं बोलली आणि तिसरं वाक्य आकाशात उडून गेलं. माइकसमोर ती, तिच्यासमोर सारं गाव, आणि मध्ये ती भयाण, अथांग, घुमणारी शांतता. पोरं खिदळायला लागली. तेव्हा पुढच्या रांगेतून बनाक्का उठली. पदर खोचला. मागे वळली. "ए, हसू नगासा. इचार करत्या ती. इचाराला येळ लागतोय." आणि पुन्हा बसली.

सगळं गाव गप्प! प्रांजलीने मग खरंच विचार केला, आणि तिसरं वाक्य स्वतःचंच बोलली. तेव्हापासून तिला गप्प राहायचीही भीती वाटली नाही आणि बोलायचीही. आता ती नववीत आहे, आणि बोलायला लागली की थांबवायला घंटा वाजवावी लागते.

अशी आई. अशी आजी. जिच्या असण्याचा आवाज नसतो, आणि नसण्याचा असतो.

त्या सकाळी तो आवाज मळ्याच्या दाराशी दाटला होता. तट्ट्याचं, वेताने बांधलेलं दार. दारापाशी पाण्याची दगडी डोणी. आणि डोणीच्या अलीकडे उभी सारी भावकी, धुक्यासारखीच, बाहेर.

कारण आत जायची सोय नव्हती. सुतक होतं.

पानमळा म्हणजे देव्हारा. तिथे थुंकायचं नाही, चप्पल न्यायची नाही, आणि धन्याच्या घरात सुतक असेल तर घरच्याने पाऊल टाकायचं नाही. नाहीतर वेल रुसते, पान काळं पडतं. बरं, बाहेरच्या कुणी जाऊन उतरण पुरी करावी, तर तेही चालत नाही. उतरलेल्या वेलीवर पहिली मूठ माती घरच्याच हाताची लागते. घरच्या हाताची माती पडली, की मग गडीमाणसांनी हवं तेवढं काम करावं. पण पहिली मूठ घरची. हा रिवाज बापजाद्यांचा. आणि तो आयुष्यभर सर्वांत कडक पाळला कुणी, तर बनाक्कानेच.

सूर्य वर आला. धुकं विरलं. पोत्यांमधून वाफ निघू लागली. कामाला आलेली मालन कुडातून आत डोकावली आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "पोती वाळाय लागल्यात. दुपारपातूर लई झालं. मग वेलीचं खोड सुकतंय. एकदा सुकलं, की काय करून उपेग न्हाई."

दिनकरमामा कडेला मान खाली घालून उभा. डोक्यावरचे केस उतरवलेले, डोळे सुजलेले. "जाऊ दे, मालन. आईनं जे आयुष्यभर पाळलं, ते ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मोडू? तिची वेल वाचवाय तिचाच नियम मोडू? तिला काय वाटंल?" त्याने दाराकडे पाठ केली. "ऊस लावू पुढच्या साली."

ऊस! हा शब्द त्या हिरव्या दारावर कुऱ्हाडीसारखा पडला.

वैजयंता कालपासून रडली नव्हती. ती नुसती कुडाच्या फटीला कपाळ टेकवून आत बघत होती. जिथे तिची झोळी होती, तिथे. तिच्या कोरड्या, विस्फारलेल्या, अनिमिष डोळ्यांत वेली उलट्या दिसत होत्या. तिची आई काल गेली होती. आईचं उरलेलं सगळं आत, उन्हात, पोत्याखाली, अजून धुगधुगत होतं. आणि ते वाचवायला तिच्या हाताला परवानगी नव्हती.

"थोरली आज्जी," प्रांजली म्हणाली, "सुतक कुणाकुणाला असतं?"

थोरली आज्जी म्हणजे अनसाक्का, बनाक्काची जाऊ. भावकीतली सर्वांत वयस्क, काठीसारखी ताठ, आणि रिवाजाची चालतीबोलती पोथी. तिने भुवया चढवल्या. "आत्ता काय शाळा हाय व्हय ही?"

"सांगा की."

"लेकाला, सुनंला, नातवास्नी धा दिस. भावकीला धा दिस. दिल्या घरच्या लेकीला तीन."

"आणि लेकीच्या लेकीला?"

अनसाक्काने आपली काठी या हातातून त्या हातात घेतली.

आता हे सांगायलाच हवं, की हीच अनसाक्का प्रांजलीला लहानपणापासून एका नावाने हाक मारी: 'परक्या घरचं पाखरू'. पोरीने वेलीला हात लावला, की कुडापलीकडून यायचंच, "ए परक्या घरच्या पाखरा, तुझं आडनाव काय, आमचं काय? ठेव ते पान!" त्या शब्दाचा काटा प्रांजलीच्या तळव्यात कायमचा रुतलेला. बनाक्का तेव्हा नातीला कुशीत ओढायची आणि जावेला म्हणायची, "पाखरू कुठलं हाय ते बघू नगंस, कुठल्या झाडावर बसतंय ते बघ." जावा-जावांचं ते भांडण वर्षानुवर्षं चाललेलं, गोड, खारट, न संपणारं.

"सांगा की, थोरली आज्जी. लेकीच्या लेकीला किती दिवस?"

"न्हाई," अनसाक्का हळूच म्हणाली. "आमच्यात लेकीच्या लेकराला सुतक न्हाई. ते परक्या घरचं."

"मग मी आत जाऊ शकते."

"जाशील गं! पर पहिली माती घरच्या हाताची लागत्या. परकीची न्हाई चालत."

आणि इथे, प्रांजली गप्प झाली. वारा थांबला. डोणीतल्या पाण्यावर एक वाळकं पान आपल्याभोवतीच फिरत राहिलं. घर आणि परकं, आत आणि बाहेर, या दोन शब्दांच्या मधोमध, सुरीच्या पात्यावर, ती पोर उभी होती. जशी ती जन्मापासूनच उभी होती, पण आजवर कुणी तिच्या पायाखाली बघितलं नव्हतं. दिनकरमामाला वाटलं, आता ही रडणार. अनसाक्कालाही तसंच वाटलं, आणि का कोण जाणे, तिचीच मान झुकली.

प्रांजली रडली नाही. तिने दोन्ही हात पुढे केले. गोरे नव्हेत, सावळे, लांब बोटांचे, बनाक्काचे.

"हे बघा. हे कुणाच्या घरचे हात?"

अनसाक्काने पाहिलं. पोरीच्या हाताकडे पाहिलं, आणि त्या हातांच्या पलीकडे, कुडाच्या पलीकडे, पांगाऱ्याखाली. जिथे काल तांब्या कलंडला होता. उभ्या जन्मात तिने रिवाजाला फाटा दिला नव्हता, आणि आता फाटा द्यावा लागणार नव्हता. रिवाजानेच, बघा ना, या पोरीएवढी अरुंद, या पोरीएवढीच उंच, एक वाट आपल्या पोटात राखून ठेवली होती.

"सुतकापुरती परकी," ती म्हणाली, "मातीपुरती घरची." आणि काठी जोरात आपटली. "बघत काय हुबी ऱ्हायलीस, कारटे? पाय धू!"

वैजयंतेच्या तोंडून एक आवाज निघाला. शब्द नव्हता तो. कोंडलेल्या पाण्याला पाटाचं तोंड सापडावं तसा आवाज.

प्रांजलीने चपला काढल्या. पाय धुतले, आधी उजवा, मग डावा, आजी धुवायची तसे, टाचेपासून बोटांपर्यंत. दार उघडलं. मागोमाग मालन पाय धुऊन आली. आणि तो हिरवा, शीतल, सुगंधी उजेड त्या पोरीच्या अंगावर असा उतरला, जसा देवळात गेल्यावर घंटेचा नाद उतरतो.

पहिलं पोतं उचललं. वेल जिवंत होती. मऊ होती.

मग बाहेर काय गोंधळ उडाला म्हणता! सारी सुतकी भावकी कुडाला येऊन चिकटली. फटीफटीला एकेक डोळा. जी माणसं कालपासून कुजबुजत होती, ती ओरडायला लागली.

"वेटोळं सैल घाल! आवळू नगंस!"

"आगं, चर आनखी खोल कर!"

"मालन, तिला दाव की! नुसती हुबी काय ऱ्हायलीस!"

"म्या हात लावायचा न्हाई म्हनं न्हवं का आधी!" मालन उलट ओरडली. "पहिली मूठ पडू द्या!"

प्रांजलीने वेटोळं केलं. गोल, गोल, सैल, चरात ठेवलं. ओंजळभर ओली, तांबूस, गारगार माती उचलली. आणि मन लावून, जीव लावून, डोळे मिटून तिने ती माती लोटली, सबंध वेलीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"शेंडा गाडलास की गं, भवाने!" अनसाक्का किंचाळली. "शेंडा वर! शेंडा वर काढ!"

मालन तोंडाला पदर लावून हसू लागली. प्रांजलीने घाबरून माती उकरली. शेंडा बाहेर आला, मातीने माखलेला, टवटवीत, जरासा रागावलेला. कुडापलीकडे कुणीतरी खुदकन हसलं. मग आणखी कुणी. दिनकरमामा हसला, मुंडन केलेल्या डोक्यावर हात फिरवत, डोळे पुशीत, हुंदके देत हसला. "भाषणं करत्या दुनियेभर," तो म्हणाला, "आन् शेंडा कुठं, बुडका कुठं, ठावं न्हाई!" दुःखाच्या घरात असं हसू फुटावं, याची कुणालाच लाज वाटली नाही. हसू होतं तेही ओलंच.

"पडली मूठ?" बाहेरून विचारलं.

"पडली!" आतून उत्तर.

मग मालनचे हात चालू लागले. तिच्या सोबतिणी आल्या. वेटोळ्यामागे वेटोळं, चरामागे चर, मातीवर माती. जिथे वेली उताण्या पडल्या होत्या, तिथे मातीचे छोटे छोटे उंचवटे दिसू लागले, आणि प्रत्येकातून वर आलेला एकेक हिरवा शेंडा. शेंड्यांना पुन्हा लव्हाळ्याची सैल गाठ, पुन्हा तेच खोड, पुन्हा तीच वर जायची वाट. दुपार चढली, पण तिला चावायला आता उघडं काही उरलं नव्हतं. पाटाचं पाणी सोडलं. ते चुळचुळ करत, चाहूल घेत, प्रत्येक उंचवट्यापाशी क्षणभर थांबत, पुढे गेलं.

तीन दिवस सरले. चौथ्या पहाटे वैजयंता न्हाली, पाय धुऊन आत आली, आणि तेव्हापासून रोज येऊ लागली. माती हाताने चाचपायची. परतायची. झाकलं म्हणजे वाचलं, असं थोडंच असतं! माती काय करते, ते माती वर्दी देऊन करत नाही. माघ गेला. फाल्गुन लागला. शेंड्यांची जुनी पानं पिवळी पडून गळाली. वैजयंतेला झोप नव्हती. भाकरी थापता थापता हात थांबायचा. डोळे मळ्याच्या वाटेला.

मग चैत्राच्या तोंडावरची ती दुपार. पळसाच्या रानात लाल, आंब्याच्या राईत पोपटी, आणि आभाळात निळ्याहून निळं काहीतरी. प्रांजली शाळेतून आली, तर घराला कडी. आई नाही. चूल थंड. दप्तर उंबऱ्यावर फेकून ती धावली. वाटेवरची धूळ उडाली, बाभळीवरचे होले उडाले. दारात चपला. पाण्यात पाय. आणि आत.

आत ती थांबली.

प्रत्येक उंचवट्याला कोंब फुटले होते. शेंड्याला नव्हेत फक्त. मातीतल्या पेरांतून, बाजूबाजूने, दोन-दोन, चार-चार. तांबूस, लुसलुशीत, पारदर्शक. नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या कानाच्या पाळीसारखे. रांगेमागून रांग, ओळीमागून ओळ, जणू भुईने हळूच पापण्या उघडल्या होत्या. आणि उघडलेल्या त्या पापण्यांत कुठेही शोक नव्हता, कुठेही रोष नव्हता. नवा, ओला, निर्भर उजेड होता.

आणि त्या रांगांच्या मधोमध, गार मातीवर, हाताची उशी करून, वैजयंता झोपली होती. गालाला चिखल. पापण्यांच्या कडांना वाळलेलं मीठ. म्हणजे ती रडली होती, शेवटी पोटभर रडली होती. आणि मग कित्येक रात्रींची झोप एकदमच येऊन तिला घेऊन गेली होती. ओठ किंचित उघडे. मूठ किंचित मिटलेली. चाळिशीतली बाई ती. पण झोपेत तिचं वयच हरवलं होतं.

प्रांजलीने हाक मारली नाही. बोलघेवड्या त्या पोरीला, आयुष्यात प्रथमच, काही बोलावंसं वाटलं नाही. ती नुसती जवळ बसली.

वर एक पान, उघडावं की न उघडावं अशा विचारात, करंगळीच्या नखाएवढं. वारा आला. पानाची सावली वैजयंतेच्या कपाळावर आली. वारा गेला. सावली हलली. आली, आणि हलली. हलली, आणि आली. आणि मग वारा पडला, आणि सावली तिथेच, कपाळावर, निवांत टेकली.